महापूर, मिशनची शाळा आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला आज बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची मोकळीक दिली होती. परंतु गेली काही वर्षे आपल्या मंडळात एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. क्वचित सभेत, बहुधा सभा आटोपल्यावर चहाच्या वेळी. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे मी ठरविले. प्रश्न असा की, सन २०१९ च्या महापुरानंतर आपल्या ज्ञातीचा पैसा, आपले कार्यालय आणि आपली माणसे एका ख्रिस्ती शाळेच्या उभारणीस का लागली? आपल्या मुलांच्या गरजा काय संपल्या होत्या? प्रश्न रास्त आहे. ज्याने वर्गणी दिली त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्या कामात मी पहिल्या दिवसापासून असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्याकडे येते. शाळेचे नाव मात्र मी घेणार नाही. तेथील मुख्याध्यापिकाबाईंची तशी इच्छा आहे, आणि आपणांपैकी बहुतेकांस ते ठाऊकही आहे.

प्रथम त्या पुराविषयी दोन शब्द. मुंबई-पुण्यास राहणारे आपले बांधव म्हणतात, "सांगलीला पूर नेहमीचाच." नेहमीचा पूर आम्हीही ओळखतो. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले म्हणजे इशारा आणि ४५ फुटांवर गेले म्हणजे धोका, हे येथील शाळकरी पोरासही पाठ असते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या घरात गेले, तेव्हा जुनी माणसे म्हणाली की, याहून अधिक आता काय यावयाचे! २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि बायामुलांसह कित्येक जीव गेले. त्या दुःखापुढे शाळेच्या भिंती व बाके ही काय वस्तू! तरी आज बोलावयाचे आहे ते शाळेविषयी.

कोकणातल्या नद्यांचा पूर डोंगरावरून धावत येतो आणि ओहोटी लागली की धावतच समुद्रास मिळतो. कृष्णेचा पूर चोरपावलांनी येतो आणि मुक्काम ठोकतो. याचे कारण नकाशावर बोट ठेवले म्हणजे कळते. कऱ्हाडास कोयना मिळते, सांगलीच्या अगदी खाली हरिपुरास वारणा मिळते आणि पुढे नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. या तिन्ही नद्या एकाच वेळी तुडुंब भरल्या म्हणजे कृष्णेच्या पाण्यास पुढे वाट राहत नाही. नदीपात्रास उतार थोडा, म्हणून पाणी मागे फुगत जाते आणि ओढ्यानाल्यांतून उलटे वस्तीत शिरते. अलमट्टीच्या धरणाचा वाद मला ठाऊक आहे; परंतु तो जाणत्या अभियंत्यांनी करावा. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात ठेवावे की, हे पाणी आले तसे गेले नाही. आठवड्याहून अधिक काळ ते त्या शाळेच्या तळमजल्यात उभे होते. एका रात्रीच्या पुराने कागद भिजतो. आठ दिवसांच्या पुराने त्याचा लगदा होतो, आणि भिंत पायापासून पाणी पिते.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे निवृत्त शिक्षक तेथे गेलो. व्हरांड्यात दीड फूट गाळ, वर्गात त्याहून अधिक. प्लायवुडची बाके फुगून त्यांचे पापुद्रे सुटले होते. लोखंडी सांगाडे तेवढे शिल्लक. जुनी सागवानी बाके मात्र धड होती, ती पुढे सावलीत वाळवून कामास आली. प्रयोगशाळेच्या कपाटात मासा मेलेला सापडला. जूनमध्ये वाटलेली पाठ्यपुस्तके, गोडाऊनातील तांदूळ, नकाशे, संगणक, सारे एका रंगाचे झाले होते. बाई पायरीवर उभ्या होत्या. आम्ही विचारले की, तातडीने काय पाहिजे? आमची अपेक्षा होती की त्या बाके म्हणतील, निदान पंप तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बाकं पुढच्या वर्षी आली तरी चालतील. रजिस्टरं तेवढी वाळवून द्या."

या एका वाक्यात आपल्या मंडळाच्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून त्यावर मी थोडा थांबतो.

शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे काय हे शिक्षकास सांगावे लागत नाही, इतरांस सांगावे लागते. मूल प्रथम शाळेत आले की त्याचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात त्यात लिहिली जाते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच मिळतो. आपली ज्ञाती इतर मागासवर्गात मोडते. आपल्या मुलास जात वैधता प्रमाणपत्र पाहिजे असेल तर पडताळणी समिती १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागते. शेतजमीन असलेल्यांचे महसुली कागद तरी निघतात. आपले वाडवडील बलुत्यावर व मोलमजुरीवर जगलेले. त्यांच्या नावे कागद कोठून असणार? त्यांच्या नावाचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव सरकारमान्य कागद म्हणजे शाळेतील नोंद. आणि आपल्या वाडवडिलांस त्या काळी ज्या शाळेने आत घेतले, ती ही मिशनची शाळा होती.

महापुराच्या दोनच वर्षे आधीची गोष्ट सांगतो. आपल्या ज्ञातीतील एका मुलीस अभियांत्रिकीस प्रवेश मिळत होता, वैधता प्रमाणपत्रावाचून तो अडला होता. तिच्या आजोबांचा दाखला १९६७ नंतरचा. पणजोबांचा कोठेच काही नाही. चौकशी करीत ती मंडळी या शाळेत आली. शिपायाने कपाटातून रजिस्टर काढले, आणि त्यात पणजोबांची नोंद जातीसकट सापडली. दुसरीपर्यंत शिकून त्यांनी शाळा सोडली होती. आज ती मुलगी नोकरीत आहे. आपली जात काय, हे सिद्ध करणारा कागद एका ख्रिस्ती संस्थेने, स्वतःस त्याचा कवडीचा उपयोग नसता, इतकी वर्षे वाळवीपासून जपला. तो पाण्यात बुडालेला पाहून आपण घरी बसणे शक्य होते काय?

आता आपल्या कार्यकारिणीच्या त्या सभेविषयी. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून बोलतो. चर्चा तीन तास चालली आणि ती गोड नव्हती. एक मत असे की, शिष्यवृत्ती निधी ज्ञातीच्या मुलांसाठी आहे, त्यास हात लावू नये. हे मत बरोबर होते आणि तसेच झाले. त्या निधीतील एक पैसाही गेला नाही, वेगळी वर्गणी काढली, तिचा हिशेब खजिनदारांच्या अहवालात दरवर्षी येतो. दुसरे मत आपले ज्येष्ठ सभासद अण्णा यांचे. ते म्हणाले, "मिशनवाले धर्म वाढवायला आले. त्यांची शाळा त्यांच्या लोकांनी उभी करावी." अण्णांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरास आले ते धर्मप्रसारासाठीच आले. मिरजेस १८९४ साली वॉन्लेस डॉक्टरांनी रुग्णालय उघडले त्यातही ती प्रेरणा होती. परंतु त्यांच्या शाळांत बसून लोकांनी काय शिकावे हे त्यांच्या हाती राहिले नाही. जोतीराव फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु मुलींची शाळा काढावयास निघाले. आपल्या घरांचेच पाहा. आपल्या तीन पिढ्या त्या शाळेत शिकल्या. माझ्या मातोश्री तेथे चौथीपर्यंत होत्या. त्यांना प्रार्थनेची गाणीही येत आणि खंडोबाची तळीही भरता येत असे. आपले देव्हारे होते तेथेच आहेत.

मी त्या सभेत शाहूमहाराजांचा दाखला दिला. सांगलीचे संस्थान वेगळे होते हे खरे, तरी या मुलखात ज्ञातीच्या नावाने काही करावयाचे तर महाराजांचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढविली. मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, दैवज्ञांचे, शिंप्यांचे, आणि त्याच मालिकेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही. जातवार वसतिगृहे काढून त्यांनी जाती घट्ट केल्या असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. मला तो पटत नाही. ज्याला उभे राहावयास स्वतःचा ओटा नाही, तो दुसऱ्याच्या मदतीस जाणार कोठून? आपले मंडळ हा असा ओटा आहे. पाऊस लागला की त्यावर शेजाऱ्यानेही यावे, एवढेच माझे म्हणणे होते.

ठराव मंजूर झाला, एकमताने नव्हे. अण्णांचे मत आजही बदललेले नाही. मात्र रजिस्टरे वाळविण्यास लागणारा कोरा कागद आणि टीपकागद त्यांच्याच दुकानातून आला आणि त्याचे बिल मी अद्याप मागतोच आहे.

रजिस्टरे कशी वाचविली हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण पूर पुन्हा येणार आहे आणि कोणास तरी उपयोग होईल. एकूण ३१ रजिस्टरे पाण्याखाली होती. पहिली ओढ अशी होते की, ती उन्हात टाकावी आणि पाने उलगडावी. तसे कदापि करू नये. ओली पाने बळाने सोडविली की फाटतात, आणि उन्हाने कागद आकसून वह्यांचे दगड होतात. शिवाय सारी एकदम हाताळावयास गेलो असतो तर उरलेल्यांना चार दिवसांत बुरशी चढली असती. येथे आपल्या एका तरुण सभासदाची युक्ती कामास आली. तो तासगावास बेदाण्याच्या शीतगृहात नोकरीस आहे. मालकाच्या संमतीने रजिस्टरे स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बेदाण्याच्या खोक्यांशेजारी थंडीत ठेवली. थंडीत बुरशी वाढत नाही असे नव्हे, परंतु तिचा वेग मंदावतो आणि माणसास अवधी मिळतो. तेथून दोन-दोन, तीन-तीन रजिस्टरे आणावयाची, पंख्याखाली उभी करावयाची, दर काही पानांमध्ये टीपकागद घालावयाचा आणि तो दिवसातून तीन-चार वेळा बदलावयाचा. हे काम दिवाळीनंतरही चालू होते. आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनी ते केले. ज्यांचा हात पापड लाटण्यास बसलेला आहे त्यांच्या हातून पान फाटत नाही, हे मला तेव्हा कळले. २७ रजिस्टरे वाचली. मौज अशी की, सर्वांत जुनी, टाकाने काळ्या शाईत लिहिलेली, सर्वांत चांगली राहिली. अलीकडची निळ्या शाईची पुष्कळ ठिकाणी पसरून गेली.

इमारतीचे काम त्यामानाने सोपे, परंतु धीराचे. गाळ ओला आहे तोवरच काढावा लागतो, वाळला की कुदळ लागते. गावोगावच्या तरुणांनी तो दोन दिवसांत घमेल्यांनी काढला. त्यांत आपले होते, तालमीतले होते, मशिदीकडून आलेले होते. विहीर उपसून टी.सी.एल. पावडर टाकली. विजेचे बटण तपासणीशिवाय कोणी दाबू नये म्हणून मुख्य पेटीस कुलूप घातले. मग मात्र वादाचा मुद्दा आला. देणगीदारांची इच्छा अशी की, लगोलग सिमेंटचा गिलावा करून, रंग देऊन, उद्घाटन करावे. शाळेचा जुना भाग दगडाचा आणि चुन्याचा. ओल्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले म्हणजे आतील ओल कोंडते आणि पुढील पावसाळ्यात गिलावा पोपडे धरून पडतो. शिवाय आपली काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. पायाची भेग खरी किती, हे जमीन वाळल्यावाचून कळत नाही. आपल्याच ज्ञातीतील एका वृद्ध गवंडीदादांनी हे सर्वांसमक्ष सांगितले आणि संक्रांतीपर्यंत भिंतीस हात लावू दिला नाही. काही देणगीदार रागावले. त्यांना फलक पाहिजे होता. फलक झाला नाही.

देण्याविषयी एक कटू गोष्ट सांगून टाकतो. त्या वेळी उभ्या महाराष्ट्रातून मदत आली, तिचे ऋण फिटणार नाही. तरीही जुन्या कपड्यांचे जे ढीग आले, त्यांची विल्हेवाट लावणे हेच एक काम होऊन बसले होते. या शाळेसही दप्तरे मुलांच्या संख्येहून अधिक मिळाली आणि फळा पुसण्याचे डस्टर एकही नाही. मागावयाच्या आधी देण्याची आपल्याकडे थोरवी आहे. शाळेच्या बाबतीत मात्र आधी विचारावे.

दहावीचा वर्ग कोठे बसवावा हा खरा तातडीचा प्रश्न होता. विश्रामबागेकडील आपले कार्यालय कोरडे होते. सप्टेंबरपासून तो वर्ग तेथे भरू लागला. सकाळी मुले येत, त्यांची प्रार्थना होई, मग प्रतिज्ञा आणि तास. दर्शनी भिंतीवर आपल्या कुलदैवताची तसबीर आहे. तिच्यासमोर ती प्रार्थना होते म्हणून एक तक्रारअर्ज आला होता. मी स्वतः जाऊन पाहिले. वर्गातील मुलांपैकी निम्म्याहून अधिक हिंदू, काही मुसलमान, थोडी ख्रिस्ती. आणि बाहेर पडताना त्यांतील बरीचशी तसबिरीसही हात जोडून जात होती. अर्ज दप्तरी दाखल आहे. त्याहून मोठी अडचण तुळशीच्या लग्नानंतर आली. लग्नसराई सुरू झाली आणि कार्यालयाचे भाडे हे मंडळाचे मुख्य उत्पन्न. वरच्या मजल्यावरील भोजनगृहात वर्ग हलविला. खाली सनई-चौघडा आणि वर बीजगणित, असे काही दिवस गेले. दोन तारखा मंडळास सोडाव्या लागल्या, तेवढे नुकसान आपण सोसले.

त्या मुलांनी मार्च २०२० मध्ये परीक्षा दिली. साथीच्या टाळेबंदीमुळे त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला हे आपणांस आठवत असेल. ज्यांनी नदीचा फुगवटा स्वतःच्या घरात शिरलेला पाहिला, त्यांचीच भूगोलाची परीक्षा व्हावयाची राहिली!

गिलावा, नवी वायरिंग आणि बाके, हे काम जेमतेम पुरे होते तो शाळा बंद झाल्या. वर्ग रिकामे असतानाच जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले आणि शाळेत शिरले. या खेपेस विजेची बटणे पुरुषभर उंचीवर होती, बाके आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर नेली होती, आणि रजिस्टरे तर कायमचीच वर गेली होती. चुन्याचा गिलावा भिजला आणि पावसाळा सरताच आपोआप वाळला. तेव्हा आपण फारसे काही केले नाही, कारण करावयाचे फारसे उरले नव्हते. गाळ काढला, विहीर उपसली, एवढेच. गवंडीदादा तोवर वारले होते.

एक काम शिल्लक आहे आणि त्यासाठीच मी आज आपला वेळ घेतला. वाचलेल्या २७ रजिस्टरांपैकी अगदी जुन्या चारांत पुष्कळ नोंदी मोडी लिपीत आहेत. सर्व पानांची छायाचित्रे काढून झाली आहेत. परंतु वाचणार कोण? २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा सरकारलाही मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले, मग आपली काय कथा. बाईंनी शाळेतील एक खोली शनिवारी दुपारी उघडी ठेवण्याचे कबूल केले आहे. या सभागृहात मोडी येणारी तीन-चार माणसे निश्चित आहेत. त्यांपैकी दोघांची नावे मला ठाऊक आहेत आणि ते या क्षणी खाली मान घालून बसले आहेत. शिकावयास तयार असलेली तरुण मुलेही पाहिजेत. नोंदी सर्व जातींच्या आहेत, केवळ आपल्या नव्हेत. यादी तयार होईल ती शाळेच्या दारात सर्वांसाठी लागेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावे. येताना भिंग आणावे. शाळेकडे एकच आहे आणि ते प्रयोगशाळेचे आहे.